जवारीस, भातकुलीहून

प्रिय जवारी,

पुस्तकात तुला ज्वारी म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मीही मुलांना तसंच लिहायला लावलं. पण आमच्या घरात तू जवारीच होतीस, म्हणून या पत्रात तुला घरच्याच नावाने हाक मारते.

पत्राचं कारण एक चिठ्ठी आहे. गेल्या महिन्यात अमरावतीला डॉक्टरांकडे गेले होते. तीन महिन्यांची साखरेची सरासरी, जिला ते एचबीएवनसी म्हणतात, ती ८.१ निघाली. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘ज्वारीची भाकरी’. घरी आल्यावर मायने विचारलं, काय काय लिहून दिलं. तिला चौऱ्याऐंशीवं चालू आहे, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मी चिठ्ठी वाचून दाखवली. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “व माय! भाकर बी आता डाक्टरले लिहून द्या लागते?”

तिचा तो प्रश्न रात्रभर डोक्यात घोळत राहिला. जिच्यावर हे घर वाढलं ती चिठ्ठीवर लिहायची वस्तू कधी झाली, आणि मधली पंचवीस-तीस वर्षं मी काय खात होते, हे मला तुझ्याशीच बोलायचं आहे.

आमच्या गावाच्या नावात भात आहे, पण शिवारात तो कधीच नव्हता. जुने लोक सांगतात की रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेलं भोजकट ते हेच. खरंखोटं इतिहासकारांनी ठरवावं. आम्हाला माहीत होती ती काळी, भेगाळणारी जमीन आणि खारं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही आणि पिकालाही देता येत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. माय वरणासाठी वेगळं पाणी लांबून आणायची. अशा जमिनीत पावसाच्या ओलीवर येणारी तू, कापूस, तूर आणि मूग, एवढाच आमचा संसार. भात सणाला किंवा पाहुणा आला तर. लहानपणी तांदूळ शिजतानाचा वास आला की आम्ही विचारायचो, आज कोण येणार आहे?

रोजच्या ताटात तू असायचीस, पण एकटी कधीच नसायचीस. चून-भाकर असेल तर सोबत कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. अंबाडीच्या भाजीत तुझ्याच कण्या आणि मूठभर तुरीची डाळ शिजायची, वरून लसणाची फोडणी. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा आणि घोळ, उन्हाळ्यात चिवळ. चिवळ निवडायला दोन तास लागायचे आणि खायला दहा मिनिटं, तरी तिच्यासाठी भांडणं व्हायची. आणि बाराही महिने जवसाची चटणी. हरभऱ्याच्या वावराच्या कडेने जवसाच्या दोन ओळी असत. थंडीत त्यांना निळी फुलं आली की सकाळच्या उन्हात बांध उजळून निघायचा. यातल्या एकाही पदार्थाला आम्ही पौष्टिक वगैरे म्हटलं नाही.

तुझ्या पिठाला चिकी नसते. गव्हाची कणीक ओढली तर ताणते, तू तुटतेस. म्हणून माय परातीत पिठाच्या मधोमध आळं करून त्यात कढत पाणी ओतायची, उलथन्याने कालवायची आणि हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायला घ्यायची. उंडा जितका मळावा तितकी भाकर कडेला चिरत नाही. मग परातीत कोरडं पीठ भुरभुरून एका हाताने थाप आणि दुसऱ्या हाताने काठाला आवर, अशी ती गरगर फिरत मोठी व्हायची. तव्यावर पडली की वरच्या अंगाला पाण्याचा हात. पाणी आटत आलं की उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या इंगळांना टेकवून उभी करायची. टम्म फुगली की पापुद्रा सुटे. त्या पापुद्र्याखाली जवसाची चटणी आणि घाणीच्या तेलाची धार, हा माझा शाळेचा डबा होता. पीठ फार दिवसांचं झालं तर विरी जायचं, भाकर तुटायची. म्हणून दळण नेहमी थोडं आणि ताजं.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी वाचायला बसले, तेव्हा कळलं की त्या न ताणण्यामागे एक मोठी गोष्ट आहे. तुझ्यात ग्लूटेन नाही. तुझ्या पिठातल्या स्टार्चच्या कणांभोवती कॅफिरिन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं आणि शिजताना ते आणखी घट्ट होतं. पोटातल्या पाचकरसांना आतल्या स्टार्चपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्यामुळे साखर रक्तात हळू उतरते. २०२१ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. तुझ्यासकट सगळ्या भरड धान्यांचा सरासरी ग्लायसेमिक निर्देशांक त्यांना ५२.७ आढळला. पांढऱ्या तांदळाचा ७१.७ आणि कोंडा काढलेल्या गव्हाचा ७४.२. शिळ्या भाकरीचंही तसंच. शिजलेलं स्टार्च थंड झालं की त्यातला काही भाग पुन्हा घट्ट बसतो आणि तो लहान आतड्यात पचत नाही. सकाळी ताकात कुस्करलेली रात्रीची भाकर आम्ही गरिबीची न्याहारी समजत होतो. त्या न्याहारीची लाज वाटून मी माझ्या मुलांना चहात बुडवून बिस्किटं दिली, हे आज लिहितानाही मला जड जातं.

तू गेलीस कशी, तेही सांगते, कारण तुला कुणी एका दिवसात हाकललेलं नाही. १९६४ साली तुझं देशातलं पहिलं संकरित वाण आलं, सीएसएच-१. पुढे सीएसएच-९ घरोघरी पेरलं गेलं. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ झालं, त्याला आमच्याच जिल्ह्यातल्या पापळ गावच्या पंजाबराव देशमुखांचं नाव आहे, आणि तिथेही तुझ्यावर पुष्कळ काम झालं. दाणे वाढले. पण लवकर निसवणारी संकरित वाणं परतीच्या पावसात सापडू लागली. कणसात पाणी शिरलं की दाणा काळा पडतो आणि काळ्या जवारीला भाव नाही. उंच गावरान धांड्याचा कडबा बैलांना लागायचा, तर बैलच कमी झाले. नव्वदीनंतर सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, वावरातूनच रोख पैसा देतं, आणि ते खायला पाखरं येत नाहीत. तुझं तसं नाही. तू निसवलीस की पाखरं, रानडुकरं आणि रोही सगळ्यांना खबर लागते. मचाणावर बसून गोफण फिरवायला आणि रात्री जागली करायला घरात पोट्टे राहिले नाहीत, ते शिकायला पुण्याला गेले.

आणि रेशन. १९७२ च्या दुष्काळात आम्ही परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. मी सात-आठ वर्षांची होते. तिची भाकर लालसर, घशात अडकणारी. मायच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण तीही शेवटी तुझीच जात होती. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ नेमाने मिळू लागले, आणि त्यांनी आमच्या मजुरांच्या घरांत उपास थांबवला. हे मी विसरणार नाही. ज्या घरी कधी दोन वेळची चूल पेटत नव्हती तिथे ती पेटली. पण ताट मात्र पांढरं होत गेलं. सकाळी पोळी, दुपारी भात, रात्री भात-पोळी, मधे चहा-बिस्किट आणि सोबत पातळ वरणाचं पिवळं पाणी.

माझा भाऊ बावन्नाव्या वर्षी छाती धरून खाली बसला. भाग्य चांगलं म्हणून तासाभरात अमरावतीला पोचला, दोन स्टेंट पडले. आम्हाला वाटायचं, अॅटॅक जाड्या माणसाला येतो. भाऊ किडकिडीत होता, हातपाय काडीसारखे, फक्त पोट तेवढं पुढे. त्यानंतर मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल वाचलं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. तपासलं तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला. आपली लेकरं जन्मताना हलकी असतात, पण त्या हलक्या शरीरातही स्नायूंपेक्षा चरबी जास्त राखलेली असते. पिढ्यानपिढ्या अर्धपोटी राहिलेलं शरीर सुगी आली की साठवतं, आणि आता तर रोज सुगी. म्हणून आपल्याकडे पोटाचा घेर पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की वजनकाट्याची वाट पाहू नये, असं डॉक्टर सांगतात. ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. माझा भाऊ त्या सरासरीत बरोबर बसतो. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियॅब अभ्यासाने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज काढला. त्यात आता मी एक.

आता तुला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण तुझ्या नावाने जे चाललं आहे ते मला बघवत नाही. आठवडी बाजारात एक माणूस पिशव्या मांडून बसतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘शुगर मुळापासून गायब’. आत तुझं पीठ, थोडी मेथी, थोडं काहीतरी. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईने ती पिशवी घेतली आणि इन्शुलिन बंद केलं. बाराव्या दिवशी तिला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली. त्या दिवसापासून मी ठरवलं की तुझ्याबद्दल बोलायचं तर पूर्ण बोलायचं.

तर पूर्ण असं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये आपल्या देशातल्या अन्नाचे तक्ते काढले. त्यात तुझ्या १०० ग्रॅममध्ये तंतू सुमारे १० ग्रॅम आहेत, अख्ख्या गव्हाच्या पिठात ११ ग्रॅमच्या आसपास, पांढऱ्या तांदळात मात्र ३ ग्रॅमहून कमी. म्हणजे तू तांदळापेक्षा पुष्कळ सरस, पण कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पुढे तंतूंमध्ये उडी मारत नाहीस. पिष्टमय पदार्थ तुझ्यातही ६८ टक्क्यांच्या घरात. आमच्याकडची एक जाड भाकर पाऊण वाटी पिठाची, साधारण ७५ ग्रॅमची. तिच्यात ५० ग्रॅम पिष्ट. “भाकर शुगरले चालते” म्हणून तीन भाकरी बसून खाल्ल्या तर ते दीडशे ग्रॅम होतं, आणि रक्ताला ते कुठून आलं याची पर्वा नसते.

आणखी एक, जे तुझे आजचे भक्त सांगत नाहीत. १९६० च्या सुमारास त्याच हैदराबादच्या संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या भूमिहीन मजुरांत पेलाग्रा पाहिला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलायची, माणूस भ्रमिष्ट व्हायचा. ते मजूर मुख्यतः जवारीवर जगत होते. तुझ्यातलं ल्यूसीन जास्त असल्यामुळे शरीरातलं नायसिनचं गणित बिघडतं, असं त्यांनी मांडलं. ज्यांच्या ताटात डाळ, भाजी, ताक होतं त्यांना हा आजार सहसा होत नसे. वरण नसेल तर मायही भाकर कोरडी देत नसे, निदान मुगाच्या घुगऱ्या तरी सोबत टाकायची. ते तिला कुणी शिकवलं, ठाऊक नाही. तिची आई, आणि तिच्या आईची आई.

मी घरी बोट टोचून साखर तपासायचं यंत्र आणलं आणि तुझीच परीक्षा घेतली. एका रविवारी दोन भाकरी, बटाट्याचा पातळ रस्सा, जेवून लगेच आडवी झाले. दोन तासांनी २२८. पुढच्या रविवारी आधी अंबाडीची भाजी आणि वाटीभर घट्ट वरण खाल्लं, काकडी खाल्ली, मग एक भाकर. नंतर गल्लीच्या टोकापर्यंत तीन चकरा, पंधरा मिनिटं. दोन तासांनी १५९. एका बाईच्या बोटावरचे हे दोन आकडे, एवढ्यावरून शास्त्र होत नाही हे मला कळतं. पण २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अकरा मधुमेही माणसांवर हेच पाहिलं होतं. भाजी आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस शेवटी, असं दिलं तर तासाभरानंतरची साखर उलट क्रमाने जेवल्यापेक्षा ३७ टक्क्यांनी कमी भरली. जेवण तेच, फक्त क्रम बदललेला. पंगतीत बसल्यावर आधी कोशिंबीर आणि वरण संपवा, भाकर मागाहून घ्या, यात खर्च तो कसला?

वजनाचंही सांगते. २०१७ साली इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सहा वर्षांच्या आत मधुमेह निघालेल्या लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात तर ८६ टक्के. तिथे ना जवारी होती ना जवस, दुधासारखी पाकिटातली पेयं होती. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्शुलिन पुन्हा नीट काम करू लागतं, हे त्यामागचं कारण सांगतात. म्हणजे मला जे करायचं आहे ते पोट कमी करणं, आणि त्यात तू माझी मदत करू शकतेस ती अशी की एका भाकरीत पोट भरतं आणि चार तास भूक आठवत नाही. गोळ्या मी बंद केलेल्या नाहीत. डॉक्टर सांगतील तेव्हा कमी होतील.

जवसाचं नाव मघाशी घेतलं. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, ज्याला ओमेगा-३ म्हणून मोठ्या शहरांत कॅप्सूलमध्ये विकतात. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, कुटलं तरच अंगी लागतं. चटणी कुटूनच करायची असते, हे मी मुद्दाम लिहिते. घोळाच्या पानातही तेच आम्ल इतर पालेभाज्यांपेक्षा जास्त सापडतं. भाऊ दवाखान्यातून आल्यावर त्याची बायको त्याला रोज दोन चमचे जवसाची चटणी देते. मीठ मात्र तिने निम्म्यावर आणलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा. आमच्या पट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं, त्यावर लोणचं, पापड, ठेचा. खारपाणात बीपी आणि किडनीची दुखणी घरोघरी आहेत. इथे जेवणाचा विचार करणाऱ्याने आधी माठातल्या पाण्याचा विचार केला पाहिजे.

२०२४ मध्ये पोषण संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम. ते वाचलं आणि मी आमच्या सासर-माहेरच्या दोन्ही स्वयंपाकघरांचा हिशेब मांडून पाहिला. आमचं धान्य चारशेच्या पुढे, डाळ चाळीसच्या आत आणि भाजी म्हणजे दोन बटाटे. गहू काढून त्या जागी तुला बसवलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर साखर किती हलणार? तुझ्यासोबत वाटीभर घट्ट वरण आलं पाहिजे, अंबाडी आली पाहिजे.

आणि कष्ट. आमच्या भागाला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. शेंडगावचे गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. ते गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, रस्ता झाडत, आणि मग कुणी दिली तर भाकर घेत. १९५६ च्या २० डिसेंबरला त्यांनी देह ठेवला तो वलगावजवळ, पेढीच्या काठी. तीच पेढी पुढे आमच्या तालुक्यातून जाते. माझे बाबा दिवसभर वखर चालवून चार भाकरी खायचे आणि त्यांच्या पोटावर चिमूटभर मांस नव्हतं. मी खुर्चीवर बसून शिकवलं, स्कूटीवर घरी आले, आणि बाबांच्या मापाने जेवत राहिले.

माझ्या मनात सगळ्यात जास्त सलतं ते आमच्या वावरात निंदायला येणाऱ्या बाईचं. तिचीही साखर वाढलेली निघाली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळतात, त्या ती घेते. तिलाही कुणीतरी सांगितलं की भाकर खा. ती मला म्हणाली, “बाई, तांदूळ रेशनचा फुकट येते, जवारी पन्नास रुपये किलो. म्या काय करू?” २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने द्यायची सोय लिहिलेली होती. २०२३ पासून तर धान्य फुकटच आहे. पण तिच्या पिशवीत आजवर बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच पडले. ज्या बाईच्या आजीला मजुरीत तूच मिळायचीस, पायलीने मोजून, तिच्यासाठी आज तू परवडणारी नाहीस. शहरातल्या दुकानात तुझी बिस्किटं मिळतात. मी एक पुडा उलटून वाचला, तर पहिला घटक मैदा, मग साखर, मग पाम तेल, आणि तू चौथ्या जागी. ही बिस्किटं घेणाऱ्यालाही तू मिळत नाहीस आणि निंदणाऱ्या बाईलाही नाही. रेशनच्या दुकानात महिन्याला माणशी दोन किलो जवारी आली, तर शेतकऱ्याला पेरायला कारण मिळेल आणि तिच्या ताटाला रंग येईल. हे मी तालुक्याला लेखी दिलं आहे. पुन्हा देईन.

भावाने गेल्या खरिपात एकरभर तुला पेरलं. मी त्याला म्हटलं होतं, मजुरीचे पैसे मी देते. मृगाने दगा दिला, पेरणी उशिरा झाली. तू निसवायला लागलीस तेव्हा तो पहाटे साडेपाचला वावरात जायचा, हातात डबा आणि काठी घेऊन. रोही सहा-सात येत. त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं, त्याचं दोन महिने ते चालणं तुझ्या राखणीत झालं. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये आला आणि खालच्या भागातली कणसं काळी पडली. सोंगणी झाल्यावर चांगली चार पोती हाती लागली. एक त्याने निंदणाऱ्या बाईकडे पोचवलं, मजुरीच्या वरचं. एक माझ्या घरी आलं. बियाण्यापुरती कणसं मायने राखेत घालून, कडुलिंबाचा पाला मधे टाकून, मडक्याचं तोंड स्वतःच्या हाताने बांधलं. तिला नीट दिसत नाही, पण कणीस हातात घेऊन दाणा भरलाय की पोचट आहे ते ती सांगते.

माझ्या सुनेला भाकर येत नव्हती. गेल्या आठवड्यात ती शिकायला बसली. पहिल्या चार तुटल्या. माय ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसली होती आणि थापेचा आवाज ऐकत होती. पाचव्या भाकरीला ती म्हणाली, “पानी कमी तापलं होतं, आता बराबर हाय.” सुनेने उलटली, गॅसच्या आचेवर धरली, आणि ती फुगली. मायने हात पुढे केला, गरम भाकरीवरून बोटं फिरवली, कडेला चीर आहे का बघितली, आणि मग पापुद्रा सोडवून माझ्या ताटात ठेवली. भाजी आणि वरण मी आधीच संपवलेलं होतं.

आता थांबते. चक्कीवाल्याने सांगितलंय, दुपारी लाइट जायच्या आत दळण आणून टाका. दोनच किलो नेते आहे, आठ दिवसांचं.

तुझी,
भातकुलीची एक लेक